जनरलबाईंचं बाळंतपण

धाकटा भाऊ जाळीचा उंच पिंजरा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा ताईने आधी पिंजऱ्याकडे पाहिलंच नाही. तिने त्याच्या खांद्यावरची बॅग पाहिली आणि ओळखलं, स्वारी पुन्हा कुठेतरी निघाली.

निघालीच होती. तो एका नाटक कंपनीत दिव्यांचं काम करायचा. कंपनीचा लांबचा दौरा ठरला होता आणि पिंजऱ्यातल्या प्राण्याला बरोबर नेणं शक्य नव्हतं. आत एक शॅमेलिऑन होता, रंग बदलणारा सरडा. हिरवा, डोक्यावर टोपीसारखा उंच तुरा, आणि दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. त्या तुऱ्यामुळे धाकट्याने त्याचं नाव जनरल ठेवलं होतं. दिवसातून थोडं पाणी फवारायचं, रातकिडे टाकायचे, काही म्हणजे काही त्रास नाही, असं तो बूट न काढताच सांगून गेला.

धाकट्याने हौसेने आणलेल्या वस्तू शेवटी ताईच्या घरी मुक्कामाला येतात, हे आता ठरूनच गेलं होतं. माळ्यावर त्याचा ड्रम होता, बाल्कनीत घडीची सायकल, आणि स्वयंपाकघरात माशांची काचेची पेटी, जिच्यात कांदे-बटाटे राहत. आई गेल्यापासून त्याच्या मागचं आवरणं हे काम ताईकडे आपसूक आलं होतं. तिने कधी तक्रार केली नव्हती, आणि बाबांनाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पण ड्रम मरत नाही, सायकल मरत नाही. हे जनावर मरू शकत होतं.

ताई गाडी चालवायला शिकवायची. तिच्या गाडीत तिच्या बाजूलाही ब्रेक होता, आणि स्टिअरिंगला हात लावायला घाबरणारी माणसं मुद्दाम तिच्याकडे पाठवली जात. ती आरडाओरडा करत नसे. एकच गोष्ट त्याच आवाजात पुन्हा पुन्हा सांगे, समोरचा कंटाळून ती बरोबर करेपर्यंत. तिने कुणाचा नाद सोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. जनरलबद्दलही पहिल्या संध्याकाळी तिने एवढंच ठरवलं, की हा आपल्या हातून मरणार नाही. जीव लावायचा प्रश्नच नव्हता. तिला पालीचीसुद्धा किळस होती.

पिंजरा बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, बाबांच्या आरामखुर्चीच्या शेजारी ठेवला गेला. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. इतकी वर्षं कानात खरखर ऐकली, आता घरातही रातकिड्यांचा डबा उशाशी, म्हणून ते दिवसभर कुरकुरत. पण खुर्ची मात्र हलवत नव्हते.

ताईने बशीत पाणी ठेवलं. जनरल त्याकडे ढुंकूनही पाहीना. सांगितल्याप्रमाणे ती पानांवर दोन-चार फवारे मारायची, तेवढ्याने पानं ओली व्हायची आणि वाळून जायची. जनरलचे डोळे आत गेल्यासारखे दिसू लागले. मग एकदा फवारताना तिला फोन आला. पलीकडची बाई आपल्या मुलाच्या शिकवणीच्या वेळेवरून काही केल्या थांबेना, आणि ताई ऐकता ऐकता फवारतच राहिली. पानांच्या टोकांवरून थेंब ठिबकायला लागले, तरी ती फवारत होती. बऱ्याच वेळाने जनरल एक पाय पुढे, एक मागे असा डुलत डुलत आला आणि एका पानाला तोंड लावून पाणी पिऊ लागला. ताईने फोनवरच्या बाईला मध्येच तोडलं आणि वेळ मान्य करून टाकली. याला पाऊस लागतो, हे तिच्या ध्यानात आलं. त्या दिवसापासून सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर, अंगठा भरून येईपर्यंत ती पाऊस पाडू लागली.

पाण्याचं जमलं, तरी एक पाय बरा दिसेना. जनरलचा पुढचा एक पाय कोपरापाशी वाकडा होता आणि फांदीवरची पकड मध्येच सुटायची. ताई त्याला बुटाच्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते. आपल्याकडे कुत्री-मांजरंच जास्त येतात, असा प्राणी आपण फार पाहिलेला नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. वाचून, कुणाला तरी विचारून कळवतो म्हणाले, आणि खरंच संध्याकाळी त्यांचा फोन आला. पिंजऱ्यावर दिवा कुठला आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

दिवा नाटकातला होता. धाकट्याने कंपनीच्या अडगळीतून उचलून लावलेला. तो तापायचा भरपूर, उजेडही झगझगीत, पण उन्हातला जो अंश हाडं घट्ट करतो तो त्यात नव्हता. त्यामुळे जनरलची हाडं आतून मऊ पडत चालली होती. त्यासाठी दिव्याची वेगळी नळी मिळते, ती लावायची. आणि रातकिडे खायला देण्याआधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. ताईने नळी मागवली. रोज सकाळी ती प्लास्टिकच्या पिशवीत भुकटी आणि रातकिडे घालून हलवायची. बाबा म्हणाले, एवढं पिठात घोळवतेसच, तर तळूनही दे बिचाऱ्याला.

वाकडा पाय सरळ झाला नाही. तो होणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण पकड घट्ट झाली. पूर्वी जनरल किड्याच्या अगदी जवळ जाऊन तोंडाने धरायचा. हळूहळू तो लांबूनच जीभ फेकू लागला, आणि ती जीभ किड्याला टपकन चिकटली की बाबा खुर्चीतून शाबासकी द्यायचे. ताईची किळस कधी गेली, तिचं तिलाच कळलं नाही. ती आता रंगावरून ओळखायची: काळपट म्हणजे थंडी वाजतेय किंवा रागावलाय, फिकट हिरवा म्हणजे मजेत आहे. रंग बदलणाऱ्या माणसाला सरडा म्हणतात, हा सरड्यावर अन्याय आहे, असं तिने एकदा जेवताना बाबांना सांगितलं. हा तर मनात असेल ते अंगावर दाखवतो. तुमचा लेक तसा असता तर किती सोपं झालं असतं. बाबा हसले आणि घास चावत राहिले.

दौरा लांबत गेला. आणि एक दिवस जनरलने खाणं टाकलं.

तो जाडही झाला होता, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं. एरवी तासन्तास एका जागी बसणारा प्राणी आता दिवसभर पिंजऱ्यात येरझाऱ्या घालत होता. खाली उतरायचा, तळाशी नखांनी खरवडायचा, पुन्हा वर. अंगावर ताईने कधी न पाहिलेला रंग चढला होता: गडद हिरवा, आणि त्यावर पिवळे, निळे ठिपके. तिने पुन्हा बुटाचं खोकं काढलं.

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म दिव्यासमोर धरली. पोटात द्राक्षांच्या घडासारखं काहीतरी दिसत होतं. त्यांनी जनरलचे मागचे पाय उलटसुलट करून पाहिले आणि कपाळाला हात लावला. नराच्या टाचेवर काट्यासारखा छोटा उंचवटा असतो, तो इथे नव्हता. गेल्या वेळी आपण पुढच्या पायातच अडकलो, मागचे पाहिलेच नाहीत, असं ते ओशाळून म्हणाले. जनरल मादी होती आणि तो घड म्हणजे तिच्या पोटात तयार झालेली अंडी होती. नर लागत नाही. कोंबडीसारखं हिचंही, नराशिवाय अंडी होतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. पण ती घालावी तर लागतातच. ही मातीत बोगदा खणून अंडी पुरते. खणायला जागा मिळाली नाही तर अंडी आत अडकतात आणि मादी मरते.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, तेव्हा ते पिंजऱ्याकडे वळले. "म्हणजे जनरलसाहेब बाळंत होणार?" ते म्हणाले. त्या दिवसापासून घरात तिला जनरलबाई म्हणू लागले.

ताईने धाकट्याला फोन लावला. त्याच्या मागे हातोड्यांचे आवाज येत होते, कुठल्यातरी रंगमंचाची उभारणी चालली होती. तिने सगळं सांगितलं. तो आधी खो खो हसला, मग घाईत असल्यासारखा म्हणाला, "ताई, उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस. नाही जगली तर नाही जगली. दुसरी आणू."

ताई बरं म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती उठली, रंगाची रिकामी मोठी बादली घासूनपुसून घेतली आणि वाळू आणायला बाहेर पडली.

बादली पिंजऱ्याच्या तळाशी ठेवली, पण पहिल्यांदा वाळू फार कोरडी झाली. जनरलबाई बादलीत उतरल्या, खणायला लागल्या, आणि जेवढं खणलं तेवढं कोसळून पुन्हा भरलं. त्या थकून वर चढल्या. ताईने पाणी घातलं, तर चिखल झाला. तिने ती वाळू परातीत उपसली आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मुठीत दाबून पाहू लागली: गोळा व्हायला हवा, पण पाणी गळायला नको. थोडी कोरडी वाळू, थोडं पाणी, पुन्हा मूठ. शेवटी तिने बादलीतल्या वाळूत मनगटापर्यंत हात खुपसून बाहेर काढला, आणि भोक जसंच्या तसं उभं राहिलं.

आता एकच अडचण उरली, आणि ती ताई स्वतः होती. तिने पिंजऱ्याभोवती चादर गुंडाळली होती, पण एका बाजूला बोटभर फट ठेवली. काही लागलं, अडलं तर आपण असावं, एवढाच तिचा विचार. जनरलबाई उतरल्या. त्यांनी या खेपेला नेटाने खणायला घेतलं, डोकं वाळूत, मागच्या पायांनी वाळू मागे ढकलत. मग डोकं बाहेर आलं. एक डोळा वर फिरला, एक मागे फिरला आणि फटीतल्या ताईच्या डोळ्यावर येऊन थांबला. जनरलबाईंनी काम टाकलं, वर चढल्या, आणि त्या दिवशी पुन्हा उतरल्या नाहीत.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा ते फोनवर जवळजवळ रागावलेच. "रानात जो बघतो, तो खातो," ते म्हणाले. "कुणी बघतंय असं वाटलं की ती खड्डा सोडून देणार. तुम्ही आता काहीही करायचं नाही. तेवढंच करा."

दिवसभर दुसऱ्याच्या हातांवर नजर ठेवून जगणाऱ्या बाईला याहून अवघड काम सांगता आलं नसतं. पण एकदा मनावर घेतलं म्हणजे घेतलं. तिने फट शिवून टाकली. बाहेरची खोली बंद झाली. बाबांनी कुरकुर न करता खुर्ची सोडली आणि वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात, माशांच्या पेटीशेजारी येऊन बसले. घराचं पुढचं दार त्याच खोलीत उघडत असल्यामुळे दोघंही मागच्या जिन्याने ये-जा करू लागले. पाणी फवारायला ताई आत जायची तेव्हा चादर वरून जरा उचलून, मान वळवून, अंदाजाने फवारायची.

कामावरही तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एका उतारावर, काही कारण नसताना, तिचा पाय ब्रेकवर पडला आणि गाडी गचका खाऊन थांबली. शिकायला येणाऱ्या बँकेतल्या बाईंनी घाबरून विचारलं, माझं काही चुकलं का. ताई म्हणाली, तुमचं नाही, घरी बाळंतपण अडलंय. पुढच्या शिकवणीला त्या बाई बाळासाठी लोकरीचं टोपडं घेऊन आल्या. खरं काय ते सांगायला ताईला धीर झाला नाही. तिने ते ठेवून घेतलं.

चादरीआडून खरवडल्याचा आवाज यायचा, थांबायचा. मग तो येईनासा झाला. फवारताना ताईने न राहवून क्षणभर आत पाहिलं. जनरलबाई खालच्या फांदीवर होत्या आणि भर दिवसा त्यांनी डोळे मिटले होते. या प्राण्याने उजेडात डोळे मिटणं म्हणजे जीव धोक्यात, हे ताईला एव्हाना ठाऊक होतं. तिने सगळ्या शिकवण्या रद्द केल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाइन भरलं. मग त्यांनी काही न लपवता सांगितलं: अंगात जोर नाही म्हणून ती खणत नसावी. आजच्या औषधाने आला तर आला. नाही तर पोट उघडावं लागेल, आणि एवढ्याशा जिवाला भूल दिली की तो जागा होईलच असं मी सांगू शकत नाही. ताईने विचारलं, पोट उघडायचं तर कधी. ते म्हणाले, उद्या, फार तर परवा. ताई म्हणाली, मग परवाची वेळ धरून ठेवा, पण तुम्हाला ती लागणार नाही.

हे ती कशाच्या जोरावर म्हणाली, कुणास ठाऊक. घरी येऊन तिने वाळू पुन्हा मुठीत दाबून पाहिली, वरची कोरडी पडलेली काढली, तिरकं एक छोटं भोक स्वतःच्या बोटांनी सुरू करून दिलं, म्हणजे तेवढेच कष्ट वाचतील. चादर घट्ट बांधली. मग ती बाबांना घेऊन घराबाहेर पडली. घरात असते तर ती चादरीपर्यंत गेली असती, याची तिला खात्री होती. दोघं बागेतल्या बाकावर बसली, संध्याकाळी उशिरापर्यंत. बाबा जुन्या एक्स्चेंजमधल्या गमती सांगत राहिले, आणि ताई हो ला हो करत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा तसंच केलं: फवारणी, चादर, बाबांचा हात धरून मागचा जिना.

दुपारी परत आल्यावर बाबा जिन्यातच थांबले. तू जा, म्हणाले, मला नाही बघवणार.

ताईने चादर सोडली. जनरलबाई मधल्या फांदीवर होत्या, दिव्याखाली. डोक्यापासून शेपटीपर्यंत वाळूने माखलेल्या, पोट खपाटीला गेलेलं, कातडी घडी पडल्यासारखी लोंबणारी. पण दोन्ही डोळे टक्क उघडे होते. बादलीतली वाळू इतकी सारखी थापलेली होती, की तिथे काही झालं होतं असं वाटूच नये. ताईने फवारा उचलला. जनरलबाई पाणी पीत राहिल्या, आणि ताई रडत रडत पाऊस पाडत राहिली. बाबांनी जिन्यातून विचारलं, काय गं. तिचं रडणं ऐकून तेच घाबरून आत आले.

वाळूतून पांढरी, मऊ अंडी निघतच गेली. एवढ्याशा देहात ती मावली कशी, याचं नवल करत बाबा ती एकेक उचलून भांड्यात ठेवत होते. डॉक्टरांनी फोनवर मोठा श्वास सोडलेला ताईला ऐकू आला. दर वेळच्या अंड्यांनी हिचं आयुष्य झिजतं, असं त्यांनी समजावलं. दिवा जरा सौम्य ठेवायचा, खाणं बेताचं, म्हणजे अंडी कमी होतील. आणि नराजवळ कधीच न्यायचं नाही. पाय असा, हाडं अशी, हिला ते झेपणार नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी धाकटा परतला. बाबांनी त्याला बाळंतपणाची गोष्ट रंगवून सांगितली आणि तो हरखून गेला. कंपनीतल्या एका मित्राकडे नर होता. दोघांना एकत्र ठेवू, पिल्लं होतील, मजा येईल. बोलता बोलता तो पिंजऱ्याच्या दिव्याची वायर सोडवू लागला. ताई पानं पुसत होती.

"हात काढ," ती म्हणाली.

"अगं, नेतोय घरी. तुझी सुटका."

"ती कुठेही जाणार नाही. नराजवळ नेलीस तर मरेल. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काहीही सांगतात. आणि माझी आहे ती, ताई."

"तू ठेवून गेलास तो जनरल होता, आणि तो मरायला टेकला होता," ताई म्हणाली. "ही मी जगवलीये. ही माझी आहे."

धाकट्याला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने बाबांकडे पाहिलं. लहानपणापासून असं पाहिलं की बाबा म्हणत, दे गं त्याला, लहान आहे तो. ताईनेही तेच ऐकू येणार असं धरलं होतं. हातातलं फडकं तिने घट्ट आवळलं होतं, आणि बाबा काहीही म्हणाले तरी वायर सोडवू द्यायची नाही, असं ठरवून ती उभी होती.

बाबा धाकट्याकडे वळले. "राजा, तिला पाणी किती वेळ फवारायचं?"

"थोडं... दोन-चार फवारे," धाकटा म्हणाला.

"मग ती इथेच राहील," बाबा म्हणाले.

धाकटा चहा न पिता गेला. दार आपटलं, जिन्यातून त्याच्या बुटांचे आवाज खाली गेले. त्याला आपण आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं, हे ताईला आत्ता कळत होतं, आणि वाईटही वाटत होतं. तरी तिने अर्धवट सुटलेली वायर पुन्हा जागेवर बसवली, दिवा लावून पाहिला आणि उरलेली पानं पुसली.

बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. मग एका रविवारी तो आला, या खेपेला बॅगेशिवाय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर पिंजऱ्यापाशी जाऊन उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, तो दिवा मी काही विचार न करता लावला होता. ताईने पिंजऱ्याचं दार उघडून दिलं. तो हात घालायला गेला, तेव्हा तिने त्याचं मनगट धरून थांबवलं. पकडायचं नाही. हात फांदीशी धरून ठेव. तिला वाटलं तर येईल.

त्याने हात धरला. जनरलबाईंनी एक डोळा त्याच्यावर ठेवला, एक खिडकीकडे, आणि काळपट पडून जागच्या जागी बसून राहिल्या. त्याच्या हाताला रग लागली, त्याने दुसऱ्या हाताचा टेकू दिला, तरी धरून ठेवला. त्या आल्या नाहीत. पुढच्या रविवारीही आल्या नाहीत, फक्त या वेळी काळपट पडल्या नाहीत. धाकटा बूट घालताना म्हणाला, पुढच्या रविवारी मी जरा लवकर येतो.